पीप्स नक्की कुठे जेवला? इंग्लंडच्या जुन्या सराया आणि पुराव्याचा प्रश्न

समजा, तुम्ही चार दिवसांची सुट्टी काढून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून जुन्या सराया बघत फिरताय. तिकडे याला स्टेकेशन म्हणतात, म्हणजे परदेशी न जाता आपल्याच मुलखात काढलेली सुट्टी. २०२० मध्ये विमानं बंद झाली आणि हा शब्द तिथल्या घराघरात पोचला. लाकडी तुळया, बुटकी दारं, पेटलेली शेकोटी आणि भिंतीवर कुठेतरी एक पाटी: अमुक राजा इथे राहिला, तमुक लेखक इथे जेवला, ही सराई अमुक सालापासून अखंड चालू आहे.

आजचा विषय ती पाटी आहे. कारण माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यातली सर्वांत लाजिरवाणी चूक अशाच एका पाटीमुळे झाली.

सॉमरसेट परगण्यात, बाथच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर नॉर्टन सेंट फिलिप नावाचं गाव आहे. गावात ‘द जॉर्ज’ नावाची सराई आहे. खालचा मजला दगडी, वरचे मजले लाकडी चौकटीचे आणि रस्त्यावर पुढे आलेले. हिंटनच्या कार्थुसियन मठाने ती बांधली. लोकरीच्या जत्रांना येणारे व्यापारी इथे उतरायचे, लोकरीचा मालही इथेच ठेवला जायचा असं सांगतात. पर्यटन-पुस्तिकांमध्ये या सराईबद्दल दोन गोष्टी हटकून असतात. एक, सॅम्युएल पीप्स १२ जून १६६८ रोजी इथे जेवला. दोन, इथला दारूविक्रीचा परवाना १३९७ पासून अखंड चालत आलाय. मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उचलली. तळटीप दिली ती पुस्तिकेची. गाईडने समासात दोनच शब्द लिहिले: “डायरी पाहिली?”

पाहिली नव्हती.

पीप्स हा इंग्लंडच्या नौदल मंडळाचा अधिकारी. १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षं त्याने रोजनिशी लिहिली, तीही शेल्टनच्या लघुलिपीत. मोडी शिकायला बसलेल्यांना कळेल, की असा कागद नुसता समोर असून भागत नाही, तो वाचणारा लागतो. सुदैवाने ही डायरी केव्हाच उलगडून छापली गेलीय आणि घरबसल्या वाचता येते. (जाता जाता: पीप्स ज्या उन्हाळ्यात या प्रवासाला निघाला, त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या चार्ल्सने आपली मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली होती. नौदलात असल्यामुळे मुंबईचं प्रकरण पीप्सला चांगलं ठाऊक होतं. पण ते आजचं काम नाही.)

तर १२ जूनची नोंद काढून बघा. पीप्स, त्याची बायको आणि सोबतची मंडळी सॉल्सबरीकडून बाथला चाललीयेत. वाटेत ‘फिलिप्स नॉर्टन’ला थांबतात. पीप्स चर्चमध्ये जातो, एक जुनी कबर बघतो, जुळ्या बहिणींची दंतकथा ऐकतो आणि घंटांचं कौतुक करतो. मग छान जेवण झालं, दहा शिलिंग लागले, आणि संध्याकाळच्या आत बाथ. संपलं. ‘जॉर्ज’ हे नाव त्या नोंदीत नाहीच! गावाचं नाव आहे, जेवणाचा खर्च आहे, सराईचं नाव नाही.

मग पीप्स जॉर्जमध्ये जेवला नाही का? तसंही म्हणता येत नाही. गावातली सर्वांत मोठी सराई तीच असेल तर लंडनचा साहेब बहुधा तिथेच जेवला असेल. फक्त ‘बहुधा’ हा शब्द पाटीवर मावत नाही, आणि प्रबंधात तो लिहावाच लागतो. “पीप्सने नॉर्टन सेंट फिलिप इथे भोजन केले, ते जॉर्ज सराईत असण्याची शक्यता आहे” असं लिहिलंत तर कोणीही तुम्हाला अडवणार नाही. या दोन वाक्यांतलं अंतर ओळखता येणं म्हणजे निम्मं संशोधन, असं माझं आता मत झालंय. सिनॉप्सिस लिहिताना मला ते ओळखता येत नव्हतं.

डायरीची आणखी एक गंमत मला मागाहून कळली. त्या जूनच्या प्रवासातल्या नोंदी पीप्सने नेहमीसारख्या नीट उतरवलेल्याच नाहीत. ती कच्ची टिपणं आहेत, नंतर साफ करून लिहू म्हणून ठेवलेली आणि तशीच राहिलेली. म्हणून त्यांत खर्चाचे आकडे जास्त आणि वर्णन कमी. सराईचं नाव नाही, याचं कारण इतकं साधंही असू शकतं. साधन काय सांगतं हे जितकं बघायचं, तितकंच ते कोणत्या अवस्थेत लिहिलं गेलं हेही बघायचं.

आता दुसरा दावा, १३९७चा परवाना. हा मला जास्त आवडतो, कारण तो तपासायला त्या सराईचे कागद आधी लागतच नाहीत, कायद्याचा इतिहास पुरतो. इंग्लंडमध्ये दारूच्या दुकानांना परवाना देण्याची देशव्यापी पद्धत सुरू झाली ती १५५२च्या कायद्याने. एलहाउस चालवायचं तर स्थानिक जस्टिस ऑफ द पीसकडे जायचं, जामीनकतबा लिहून द्यायचा, जुगार-दंगा होऊ देणार नाही अशी हमी द्यायची, मग परवानगी. त्याआधी १४९५च्या एका कायद्याने या दंडाधिकाऱ्यांना अशी दुकानं बंद करण्याचा अधिकार मिळाला होता. त्याहून मागे गेलात तर तेराव्या शतकातला ब्रेड आणि एलच्या भावाचा नियम सापडतो. तो मोडला म्हणून जमीनदाराच्या न्यायसभेत एल विकणाऱ्यांना दंड व्हायचा, आणि तो इतक्या नेमाने व्हायचा की बऱ्याच ठिकाणी दंड ही जवळजवळ फीच झाली होती.

म्हणजे १३९७ मध्ये आजच्या अर्थाचा ‘परवाना’ असणं अवघड आहे. मठाने दिलेली एखादी परवानगी, एखादा करार, न्यायसभेतली एखादी नोंद असू शकेल. पण तिला ‘अखंड परवाना’ म्हणायचं तर मधली दीडशे वर्षं कुठल्या कागदावर उभी आहेत ते दाखवावं लागेल. शिवाय १५५२चा कायदा मुळात एलहाउसांसाठी होता. इन, टॅव्हर्न आणि एलहाउस ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. मराठीत आपण तिन्हीला ‘सराई’ किंवा ‘दारूचा गुत्ता’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच फसतो.

एलहाउस म्हणजे साधं घरगुती मद्यगृह, बऱ्याचदा एखाद्या गरीब घराची ओसरीच. टॅव्हर्नमध्ये वाइन मिळायची, गिऱ्हाईक जरा बरं. इन म्हणजे जिथे प्रवाशाला खाणं, पिणं, बिछाना आणि घोड्याला तबेला मिळतो ती जागा. आणि इनवर कायद्याचं एक ओझंही होतं: खोली रिकामी असेल आणि प्रवासी पैसे द्यायला तयार असेल तर त्याला विनाकारण परत पाठवता येत नसे, आणि त्याचं सामान चोरीला गेलं तर मालक जबाबदार. १५८४चा ‘केलीज केस’ हा निकाल या जबाबदारीसाठी पुढे शतकानुशतकं दाखवला गेला. आपल्याकडच्या धर्मशाळेशी तुलना करायचा मोह होईल, मलाही झाला होता. पण धर्मशाळा पुण्यासाठी बांधतात, इन नफ्यासाठी. मठांनी बांधलेल्या सरायाही याला अपवाद नाहीत. ग्लॉस्टरची ‘न्यू इन’ १४५०च्या सुमारास तिथल्या मठाने बांधली, दुसऱ्या एडवर्डच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. मठात फुकट उतरणारे वेगळे आणि इथे पैसे मोजून उतरणारे वेगळे. (आणि हो, पावणेसहाशे वर्षं जुन्या सराईचं नाव ‘नवी सराई’! आपल्याकडच्या ‘नव्या पेठे’ला हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

“आमची सराई देशातली सर्वांत जुनी” म्हणणाऱ्यांची रांग मोठी आहे. नॉटिंगहॅमला किल्ल्याच्या खडकाला टेकून ‘ये ओल्ड ट्रिप टु जेरुसलेम’ आहे. भिंतीवर साल ११८९, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेले सरदार इथे घोटभर पिऊन पुढे गेले अशी कल्पना. ११८९ सिद्ध करणारा कागद नाही. आजच्या इमारतीचा जुना भाग सतराव्या शतकातला आहे, आणि हे नाव कागदावर येतं ते थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी तिला ‘पिल्ग्रिम’ म्हणत. मागच्या गुहा जुन्या असतील, पण गुहा जुनी म्हणजे सराई जुनी नव्हे. आणि त्या नावातला ‘ये’सुद्धा फसवा आहे. जुन्या इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचं एक अक्षर होतं, उच्चार ‘थ’सारखा. लिहिताना ते वायसारखं दिसू लागलं, आणि पुढच्यांनी ‘द’ला ‘ये’ वाचलं. म्हणजे जुनेपणाचा पुरावा म्हणून मिरवलेली अक्षरं ही नंतरच्या लोकांची वाचनातली चूक!

सेंट ऑल्बन्सच्या ‘ये ओल्ड फायटिंग कॉक्स’चंही तेच. ती इमारत मुळात मठाचा कबुतरखाना, १५३९ मध्ये मठ बंद झाल्यावर आजच्या जागी हलवलेली. दावा मात्र आठव्या शतकाचा.

मला इथे एवढंच सांगायचंय की ‘किती जुनी?’ हा एक प्रश्न नाही. जागा कधीपासून वापरात आहे, आजची इमारत कधी उभी राहिली, तिथे सराई कधी सुरू झाली आणि हे नाव कधी पडलं, या सगळ्याची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. पाटी यातली सर्वांत जुनी तारीख उचलते आणि बाकीच्यांवर पांघरते. तुळयांच्या वृक्षवलयांवरून झाड कोणत्या साली तोडलं हे कधीकधी अगदी नेमकं कळतं, साल शाबूत असेल तर हंगामसुद्धा कळतो. पण त्या तुळईखाली लोक बिअर पीत होते की लोकरीचे गठ्ठे होते, हे झाड सांगत नाही. त्याला कागदच लागतो.

मग कागद कोणते? तुमच्यातल्या ज्यांना असा विषय घ्यायचाय त्यांच्यासाठी मी जरा इथे रेंगाळतो.

१५७७ मध्ये डोव्हर बंदराच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा होता. दारूच्या दुकानांवर कर बसवावा म्हणून परगण्यांकडून याद्या मागवल्या. हाती आलेल्या याद्यांची बेरीज इतिहासकार अशी देतात: १४,२०२ एलहाउस, १,६३१ इन आणि ३२९ टॅव्हर्न. आकडा बघून हुरळून जाऊ नका. सगळ्या परगण्यांच्या याद्या उपलब्ध नाहीत. आणि कर बसणार हे माहीत असताना गावचा अधिकारी आकडा कसा देईल, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही प्रमाण बघा: एका इनमागे आठ-नऊ एलहाउस. आज सहलीत आपण बघतो ती वरची, श्रीमंत, दगडविटांची थोडी ठिकाणं. खालची हजारो पडली, जळली, पुन्हा घरं झाली. जे टिकलं त्यावरून जे होतं त्याचा अंदाज बांधणं ही सहलीतली चूक आहे, आणि आपणही ती अभिलेखागारात बसून करतो.

दुसरं साधन माझं लाडकं. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये युद्धखात्याच्या कागदांत १६८६ची एक पाहणी आहे. इंग्लंडभर गावोगावी सरायांत आणि एलहाउसांत मिळून पाहुण्यांसाठी बिछाने किती आणि घोड्यांसाठी तबेल्यात जागा किती, याचे आकडे. का मोजले? कारण दुसरा जेम्स खडं सैन्य वाढवत होता आणि शिपायांना लोकांच्या खाजगी घरांत उतरवणं हा तेव्हा पेटलेला वाद होता. म्हणजे शिपायांना ठेवायचं सरायांत. ते सैन्य वाढवायला निमित्त झालं मन्मथच्या ड्यूकचं १६८५चं बंड. आणि त्या बंडातली एक चकमक २७ जून १६८५ रोजी कुठे झाली? नॉर्टन सेंट फिलिपमध्ये. पाटी सांगते की ड्यूक इथे उतरला होता आणि खिडकीतून त्याच्यावर गोळी झाडली गेली. खिडकीची गोष्ट खरी असो नसो, दुसऱ्याच वर्षी सरकारचा माणूस देशभरचे बिछाने मोजत फिरला हे खरं आहे. मला ती गोळीपेक्षा मोठी घटना वाटते. या पाहणीत आकडे गावाचे असतात, एकेका सराईचे नव्हे, हे ध्यानात ठेवा. माझे दोन आठवडे ‘जॉर्ज’ शोधण्यात गेले होते.

तिसरं, १७५३च्या कायद्याने परवानाधारकांच्या नोंदवह्या ठेवणं परगण्याच्या कारकुनाला सक्तीचं झालं, आणि १८२८ पर्यंत ही पद्धत चालली. ज्या परगण्यांत या वह्या टिकल्यात तिथे वर्षामागून वर्षं मालकाचं नाव, गाव आणि जामीन कोण हे सापडतं. सराईचं नाव मात्र नेहमी नसतं. म्हणून शोध घ्यायचा तो नावाने नाही, माणसाने आणि गावाने. सराईची नावं राजा बदलला की बदलतात. ‘व्हाइट हार्ट’ हे दुसऱ्या रिचर्डचं चिन्ह, पण म्हणून प्रत्येक ‘व्हाइट हार्ट’ त्याच्या काळची नसते.

चौथं साधन म्हणजे मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या. मालक वारला की शेजारी येऊन खोलीखोलीतून फिरत आणि पलंग, चादरी, पितळेची भांडी, पिंपं यांची किंमत लिहीत. यातून सराईचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. ॲलन एव्हरिटने १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या शहरी सरायांवर जो निबंध लिहिला, त्यानंतर या विषयाकडे इतिहासकार ‘गंमत’ म्हणून बघायचे थांबले. त्याचं म्हणणं ढोबळमानाने असं, की सराई ही बाजारपेठ, बँक, लिलावघर आणि सभागृह अशी सगळी कामं करत होती.

त्याचा पुरावा हवा असेल तर लंडनहून बाथच्या रस्त्याने या. न्यूबरीला लागून स्पीनहॅमलंड आहे. इथल्या ‘पेलिकन’ सराईत ६ मे १७९५ रोजी बर्कशायरचे दंडाधिकारी जमले. आदल्या वर्षीचं पीक बुडालेलं, फ्रान्सशी युद्ध चालू, पावाचा भाव गगनाला. त्यांनी ठरवलं की मजुराच्या कमाईला गावाच्या निधीतून भर घालायची, आणि ती पावाच्या भावाशी बांधायची: एक गॅलन पीठाचा पाव एक शिलिंगला असेल तर कष्टकरी माणसाच्या हाती आठवड्याला तीन शिलिंग पडले पाहिजेत, बायको आणि प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग आणखी. ही व्यवस्था दक्षिण इंग्लंडात पसरली आणि तिच्यावर चाळीस वर्षं भांडण चाललं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘स्पीनहॅमलंड’ हे नाव वाचलेलं असतं. ते एका सराईत बसून ठरलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुढे हंगरफोर्ड. तिथल्या ‘बेअर’मध्ये डिसेंबर १६८८ मध्ये ऑरेंजचा विल्यम आणि राजा जेम्सचे दूत भेटले. त्यानंतर दोन आठवड्यांत जेम्स देश सोडून गेला.

या रस्त्याला वैभव आलं ते अठराव्या शतकात. टोल घेऊन रस्ते राखणाऱ्या टर्नपाइक ट्रस्टचा पहिला कायदा १६६३चा. १८३०च्या दशकात असे हजाराहून जास्त ट्रस्ट सुमारे ३५,००० किलोमीटर रस्ते सांभाळत होते. २ ऑगस्ट १७८४ रोजी दुपारी चार वाजता बाथच्या जॉन पामरची टपालगाडी ब्रिस्टलहून सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोचली. सोळा तास. आधी घोडेस्वार पोऱ्याला तेच टपाल न्यायला दीडएक दिवस लागायचा. टपालगाडीला टोल माफ, सोबत बंदूकधारी पहारेकरी, आणि दर दहा-बारा मैलांवर घोडे बदलायचे. म्हणजे दर दहा-बारा मैलांवर एक मोठी सराई, जोडीला तबेले, मोतद्दार, लोहार, गवतवाला, खोल्या झाडणाऱ्या मुली. लंडनच्या ‘स्वान विथ टू नेक्स’चा मालक विल्यम चॅप्लिन याच्याकडे सुमारे १८०० घोडे होते. स्नो हिलवरची ‘सॅरसन्स हेड’ नवरा वारल्यावर सारा ॲन माउंटन या बाईने चालवली, नुसती सराई नाही, गाड्यांचा धंदाही. बायकांच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी सरायांच्या नोंदवह्या जरूर उघडाव्यात. विधवा मालकिणी तिथे अपवाद म्हणून येत नाहीत.

मग रेल्वे आली. ग्रेट वेस्टर्नचा लंडन-ब्रिस्टल मार्ग १८४१ मध्ये पूर्ण झाला आणि तो मार्लबरो गाव टाळून स्विंडनवरून गेला. मार्लबरोची ‘कॅसल इन’ म्हणजे बाथच्या रस्त्यावरचं सर्वांत भारदस्त ठिकाण, मुळात सरदारांचा वाडा, १७५१ पासून सराई. दोन वर्षांत ती बसली. १८४३ मध्ये त्याच इमारतीत शाळा भरू लागली. आजचं मार्लबरो कॉलेज ते हेच. लंडनहून सुटणाऱ्या शेवटच्या टपालगाड्या १८४६ मध्ये थांबल्या. चॅप्लिन वेळेत ओळखून घोडे विकून मोकळा झाला, पैसा रेल्वेत घातला आणि पुढे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला. मोतद्दार कुठे गेले, याची पाटी कुठेही नाही.

याच वेळी आपल्या डोक्यातली ‘जुनी इंग्लिश सराई’ तयार होत होती, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने येत होती, गोष्ट मात्र दहाएक वर्षं मागची. रूळ पडत असतानाच वाचक घोडागाड्यांसाठी हळवे झाले होते. लंडनच्या सदर्कमधल्या सज्जेवाल्या ‘जॉर्ज’च्या दोन बाजू रेल्वे कंपनीने १८८९ मध्ये पाडल्या. उरलेली एक बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्टकडे जपून आहे. मोटारी आल्यावर शहरी लोक पुन्हा त्या रस्त्यांवर फिरू लागले. १९०४ पासून ट्रस्ट हाउस कंपन्यांनी पडक्या सराया विकत घेऊन नीटनेटक्या केल्या. १९२२ मध्ये जॉन फॉदरगिलने थेमची ‘स्प्रेड ईगल’ घेतली आणि सराई चालवणं हा सुशिक्षितांचा छंद होऊ शकतो हे दाखवलं. बिअर कंपन्यांनी तर नव्या इमारतींवर खोट्या काळ्या पट्ट्या ठोकून ट्यूडर थाट उभा केला. म्हणजे आज स्टेकेशनला जाऊन आपण जी चौदाव्या शतकाची सराई बघतो, ती विसाव्या शतकाने घासूनपुसून आपल्यासमोर ठेवलेली आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तिला दोन काळांचं साधन म्हणून वाचा, म्हणजे एका इमारतीत दोन प्रकरणं मिळतील.

प्रत्यक्ष गेलात तर दर्शनी भागाचे फोटो कमी काढा, मागच्या अंगणात जा. कमानीची उंची मापा, गाडी आत जाईल का बघा. तबेल्याचं आता काय झालंय ते विचारा, बहुधा त्याच्या खोल्या झालेल्या असतात. मग परगण्याच्या अभिलेखागारात जा: सॉमरसेटचं टॉन्टनला, विल्टशायरचं चिप्पनहॅमला, बर्कशायरचं रेडिंगला. जाणं शक्य नसेल तर त्यांच्या सूची आणि नॅशनल आर्काइव्ह्जची सूची इथूनही चाळता येते. पीप्स तर मोफतच आहे.

आणि पीप्स उघडलात तर १२ जूनवर थांबू नका, एक पान मागे जा. ११ जूनच्या रात्री ही मंडळी सॉल्सबरीच्या माळावर वाट चुकली आणि अंधारात एका छोट्या सराईपाशी पोचली. तिथे एक फेरीवाला पलंगावर झोपला होता. त्याला उठवलं गेलं. पीप्स आणि त्याची बायको त्या पलंगावर झोपली, बरोबरच्या दोघी त्याच खोलीत खालच्या चाकाच्या खाटेवर. सकाळी कळलं की बिछाना चांगला होता पण उवांनी भरलेला, आणि सगळे हसले. बिल नऊ शिलिंग सहा पेन्स.

या सराईचंही नाव डायरीत नाही. तिच्यावर कोणी पाटीही लावलेली नाही. पण फेरीवाल्यांबद्दलचे कागद आहेत. एलिझाबेथच्या काळातले कायदे त्यांना भटक्या-भामट्यांत मोजतात, आणि १६९७च्या कायद्याने त्यांनाही परवाना लागू झाला, वर्षाला चार पौंड. प्रवाशाला परत न पाठवण्याचं इनवरचं ओझं मी वर सांगितलं. ते या माणसाला लागू होतं का? त्याने पलंगाचे पैसे दिले होते का, आणि उठवल्यावर ते परत मिळाले का? तो उरलेली रात्र तबेल्यात झोपला, की शेकोटीपाशी, की बाहेर? माझ्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात आता या माणसापासून होते, आणि ‘जॉर्ज’ तळटिपेत गेलीय, ‘बहुधा’सकट.